नोटबुकची पायथन स्क्रिप्ट करताना या चुका टाळा

ज्युपिटर नोटबुकमध्ये, म्हणजे सेल नावाच्या तुकड्यांत कोड लिहून चालवतो तिथे, सगळं सुरळीत चालतं, एनबीकन्व्हर्ट या टूलने त्याची स्क्रिप्ट केली की पहिल्याच रनला एरर. खापर एनबीकन्व्हर्टवर फुटतं, पण ते बिचारं सेलमधला कोड वरून खाली उतरवून देतं, एवढंच. तुम्ही सेल कोणत्या क्रमाने चालवले आणि कर्नलच्या (मागे कोड चालवणाऱ्या प्रोसेसच्या) मेमरीत काय साठलंय, हे त्याला कळत नाही.

म्हणूनच सगळ्यात महागात पडते ती कर्नल रीस्टार्ट न करता कन्व्हर्ट करण्याची चूक. एका सेलमध्ये व्हेरिएबल तयार केला, नंतर तो सेल डिलीट केला. तरी व्हेरिएबल मेमरीत राहतो आणि खालचे सेल बिनतक्रार चालतात. स्क्रिप्टमध्ये मात्र थेट नेमएरर, म्हणजे 'हे नाव माहीत नाही'. सेलच्या डावीकडे चौकटी कंसात आकडे असतात. ते 14, मग 9, मग 31 असे दिसले तर क्रम बिघडलाय. कर्नल रीस्टार्ट करा, सगळे सेल पहिल्यापासून चालवा आणि अडेल ते नोटबुकमध्येच दुरुस्त करा.

दुसरी डोकेदुखी मॅजिक कमांडची, म्हणजे नोटबुकच्या खास सूचनांची. टक्क्याने (%) किंवा उद्गारचिन्हाने (!) सुरू होणाऱ्या ओळी स्क्रिप्टमध्ये 'गेट_आयपायथन'चे कॉल होऊन बसतात आणि साधा पायथन हे नाव ओळखत नाही. एका टक्क्याची ओळ खोडली की झालं. दोन टक्क्यांची जास्त फसवी: सेलच्या डोक्यावर '%%टाइम' असेल तर त्या सेलचा अख्खा कोड एका लांबलचक स्ट्रिंगमध्ये कोंबला जातो. ती स्ट्रिंग हाताने सोडवत बसू नका. नोटबुकमधली ती ओळ काढून पुन्हा कन्व्हर्ट करा. लायब्ररी बसवणाऱ्या पिप इन्स्टॉलच्या ओळींची जागा रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये, म्हणजे लागणाऱ्या लायब्ररींच्या यादीत.

एरर येते ते तरी कळतं. न कळणारी गोष्ट म्हणजे गायब झालेलं आउटपुट. सेलच्या शेवटी नुसतं 'डीएफ.हेड()' (टेबलच्या पहिल्या काही ओळी) लिहिलं की नोटबुक टेबल दाखवतं. स्क्रिप्ट गप्प राहते, तिथे प्रिंटच हवं. आलेखांचंही तसंच. मॅटप्लॉटलिब या आलेखांच्या लायब्ररीत शो केलं तर आलेखाची खिडकी बंद होईपर्यंत स्क्रिप्ट अडून राहते आणि स्क्रीन नसलेल्या सर्व्हरवर काहीच दिसत नाही. सेव्हफिगने फाइल काढा.

फाइल सापडत नसेल तर पाथ (फाइलचा पत्ता) तपासा. नोटबुक सहसा स्वतःच्याच फोल्डरमध्ये चालतं, स्क्रिप्ट मात्र तुम्ही टर्मिनलमध्ये जिथे उभे आहात तिथून पाथ मोजते. स्क्रिप्टमध्ये '__फाइल__' हा स्क्रिप्टचा स्वतःचा पाथ मिळतो, त्यावरून बाकीचे पाथ बांधा.

नोटबुकमध्ये फंक्शनबाहेर मोकळं लिहिलेलं 'अवेट' (एखादं काम संपायची वाट पाहणारा शब्द) स्क्रिप्टमध्ये सिंटॅक्सएरर देतं. ते असिंक फंक्शनमध्ये घालून 'असिंकआयओ.रन'ने चालवा.

आणि फाइलचं नाव 'रँडम' किंवा 'पांडाज' ठेवू नका, नाहीतर इम्पोर्ट खऱ्या लायब्ररीऐवजी तुमचीच स्क्रिप्ट उचलेल.