चूक सांगायची, पण माणूस न तोडता: बायबलमधली रीत

एखाद्याची चूक दाखवायची वेळ आली की आपलं दोनपैकी एक होतं. फाडकन बोलून मोकळे होतो, नाहीतर गप्प बसून मनात साठवत राहतो. बायबलमधलं इफिसकरांस पत्र (अध्याय 4, वचन 15) दोन्ही वाटा बंद करतं: सत्य बोलायचं आणि प्रीतीने बोलायचं.

आधी ऐकून घ्या. ऐकण्याआधीच उत्तर देणं हा मूर्खपणा, असं नीतिसूत्रे 18:13 मध्ये स्वच्छ म्हटलंय. "तू नेहमी असंच करतोस" अशी सुरुवात केलीत तर समोरचा लगेच स्वतःचा बचाव करू लागतो. त्याऐवजी "काल नेमकं काय झालं?" असं विचारा आणि त्याचं पुरतं बोलून होईपर्यंत मध्ये तोंड घालू नका. कित्येकदा तक्रारीचं कारणच उरत नाही.

मग वेळ बघा. इथे अबीगईलकडून शिकावं (1 शमुवेल 25). तिच्या नवऱ्याने, नाबालने, दावीदाच्या (जो पुढे राजा झाला) माणसांचा अपमान केलेला. दावीद चारशे जण घेऊन चालून येतोय. ती वाटेत त्याला गाठून घरावरचं संकट टाळते आणि परतते, तर नवरा मेजवानीत दारू पिऊन तर्र. ती चकार शब्द काढत नाही. सकाळी नशा उतरल्यावर सगळं सांगते. समोरचा संतापलेला, दमलेला किंवा शुद्धीत नसेल तर थांबाच. मात्र दिवस मावळेपर्यंत राग धरू नये, असंही इफिसकरांस पत्रात आहे (4:26). बोलणं उद्यावर गेलं तर चालेल, राग उद्यावर नेऊ नका.

जागा मत्तय 18:15 ठरवून देतो: दोघंच, एकांतात. म्हणजे चारचौघांत नाही आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर नाहीच. ऐकलं नाही तर पुढच्या खेपेला एक-दोघांना सोबत न्या. हा क्रम उलटला की माणूस चुकीचा विचार सोडून अब्रू वाचवायला लागतो.

शब्दांसाठी नाथान संदेष्टा पाहा (2 शमुवेल 12). दावीद आता राजा होता आणि त्याने दुसऱ्याची बायको बळकावली होती; नाथानला त्याला हे पाप सांगायचं होतं. त्याने एका गरिबाची गोष्ट सांगितली: त्याच्याजवळ एकच मेंढी, मुलीसारखी वाढवलेली, आणि तीच श्रीमंताने पाहुण्यासाठी कापली. दावीद भडकून स्वतःच निवाडा देतो, तेव्हा नाथान म्हणतो, "तो माणूस तूच." इथेच बरेच जण घसरतात. गोष्ट सांगतात, गोड बोलतात आणि ते शेवटचं वाक्य गिळतात. समोरच्याला मग काही कळतच नाही.

आरोप तुमच्यावर झाला तर? इस्राएलच्या एफ्राइम वंशाचे लोक त्यांचा सेनानायक गिदोन याच्याशी कडाडून भांडले, लढाईला आम्हाला बोलावलं का नाहीस म्हणून. त्याने वाद घातला नाही. तुमच्या द्राक्षांचा सरवा (तोडणीनंतर उरलेली फळं) आमच्या अख्ख्या हंगामापेक्षा सरस, असं म्हणाला. त्यांचा राग निवळला (शास्ते 8:1-3).

दुःखी माणसापुढे मात्र यातलं काही करू नका. त्याच्यापुढे गाणी गाणं म्हणजे थंडीत अंगावरचं वस्त्र काढून घेणं (नीतिसूत्रे 25:20). सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ नुसते बसले, तोवर ठीक होतं; तोंड उघडलं आणि बिघडलं.

चूक मिटल्यावर ती तिसऱ्याला सांगू नका, पुढच्या भांडणात उकरूनही काढू नका. गोष्ट पुनःपुन्हा काढली की जिवलग मित्रही दुरावतात (नीतिसूत्रे 17:9).