अंजन गवत लावायचंय? पहिल्या वर्षी हे सांभाळा

जमीन हलकी, मुरमाड, पाणी न धरणारी आहे आणि नुसतीच पडून आहे, तर तिथे अंजन हे चाऱ्याचं गवत लावा. वर्षाला ३००-४०० मिमी पाऊस झाला तरी तग धरतं आणि एकदा बसलं की वर्षानुवर्षं परत पेरावं लागत नाही. पाणी साचणारी चिबड जमीन मात्र याला अजिबात चालत नाही, तिथे नादच सोडा.

बी घेताना ताजं घेऊ नका. नुकतंच झोडलेलं बी झोपलेलं असतं, नीट उगवत नाही, साधारण वर्षभर ठेवलेलं बी बरं पडतं. आणि हातात घेऊन बघा, दाणा दिसतच नाही, केसाळ सुरवंटाच्या तुकड्यांसारखे झुबके असतात, एकमेकांना चिकटलेले आणि फुंकर मारली की उडणारे. त्यामुळे नुसतं फेकलं तर निम्मं वाऱ्यावरच जातं. ओलसर बारीक माती किंवा वाळूत चोळून मिसळा मग पेरा, किंवा माती-शेणात कालवून बारीक गोळ्या करून वाळवा. हेक्टरी ४-५ किलो बी पुरतं.

आता सगळ्यात जास्त जिथे चुकतं ते म्हणजे खोली. बी जेमतेम १ सेंटीमीटर मातीखाली पाहिजे, बस्स! ३-४ सेंटीमीटर खाली गेलं की कोंब वर येतच नाही आणि मग लोक बियाण्याला नावं ठेवतात. पावसाळ्याच्या तोंडाला ५० सेंटीमीटरवर उथळ काकऱ्या पाडा, बी टाका आणि वरून काटेरी फांदी ओढा, तेवढी माती पुरते. जुने ठोंब फोडून मुळ्यांसकट लावले तर अजून खात्रीचं, पण ५० बाय ५० सेंटीमीटरवर हेक्टरी ४०,००० ठोंब लागतात, मनुष्यबळ असेल तरच करा.

पहिल्या वर्षी एक-दोन खुरपण्या द्या आणि जनावर आत सोडू नका म्हणजे नकाच. हे मी कळकळीनं सांगतोय कारण हिरवंगार दिसलं की मन राहवत नाही. ठोंब मुठीत धरून जोरात ओढा, मुळासकट हातात आला तर गवत अजून कच्चं आहे, जनावर नेमकं असंच उपटून खातं. त्या वर्षी बी पिकून खाली पडू द्या, मोकळ्या जागा आपोआप भरतात.

दुसऱ्या वर्षापासून फुलोरा येता येता कापा, कारण बी धरून वाळलं की त्यातलं प्रोटीन फार खाली येतं आणि काडीच उरते. कापताना १०-१५ सेंटीमीटर बुडखा ठेवा. बोटांनी चाचपून बघा, खोड तिथे जाडसर लागतं, गवताची शिदोरी तीच, कोरड्या दिवसांत त्यावरच ते जगतं आणि पाऊस पडला की तिथूनच फुटतं. म्हणून चराईसुद्धा आलटून पालटून, एक तुकडा चरू द्यायचा आणि बाकीच्यांना विश्रांती. ओळींच्या मधे स्टायलो हे शेंगवर्गीय चारापीक पेरलं तर चारा अजून कसदार होतो.

घोडे असतील तर नुसत्या अंजनावर ठेवू नका, यातलं ऑक्सलेट हे द्रव्य कॅल्शियम बांधून ठेवतं, त्यामुळे त्यांना ते कमी पडतं. आणि जिथे हे मूळचं नाही तिथे लावायच्या आधी चौकशी कराच, ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेतल्या सोनोरन वाळवंटात ते रानात पसरलंय, वाळलं की वणवे वाढवतं आणि तिथल्या झाडोऱ्याला जगू देत नाही.