पुरासाठी काढलेल्या कॉप्या उघड्या नका ठेवू: अ‍ॅक्सेसच्या फाइलला खरा पासवर्ड कसा लावायचा

आमचे काका सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत करतात. दुकानाचं सगळं अ‍ॅक्सेसच्या (माहिती टेबलांत साठवायचा मायक्रोसॉफ्टचा प्रोग्राम) एका फाइलमध्ये आहे, शेतकऱ्याचं नाव, गाव, मोबाइल, बँकेचा खाते नंबर, आधार, पॅन, कुणाला किती उचल दिलीये, पट्टी (मालाच्या विक्रीचा हिशेब) किती झाली, सगळं एकाच जागी. कॉम्प्युटर गावभागातल्या घरी तळमजल्यावर असायचा. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा तो सीपीयू आम्ही डोक्यावर धरून माडीवर नेला आणि तेव्हापासून घरात एकच धोशा, कॉपी काढून ठेवा, कॉपी काढून ठेवा. एक पेन ड्राइव्ह मिरजेला आत्याकडे, एक दिवाणजींकडे, एक कॉपी काकांच्या ईमेलमध्ये, एक माझ्या लॅपटॉपवर.

मागच्या सीझनला त्यातलाच एक पेन ड्राइव्ह दुकानातल्या पोराकडून झेरॉक्सवाल्याकडे राहिला. चार दिवसांनी परत मिळाला, त्या माणसाने स्वतः फोन करून दिला, पण मी तो घरी लावून बघितला तर फाइलवर डबल क्लिक केलं की थेट सगळ्या शेतकऱ्यांचे खाते नंबर समोर. काका म्हणाले, "अगं, त्यातलं कुणाला काय कळतंय?" मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. शेतकरी आपला आधार नंबर देतो तो काकांच्या शब्दावर देतो, कॉम्प्युटर बघून नाही देत. म्हणून मग सगळं नीट शिकून घेतलं आणि जे केलं ते इथे सांगतेय. तुमची फाइल दुकानाची असो, घरातल्या पॉलिसी-एफडीची असो नाहीतर क्लासच्या मुलांची, पद्धत हीच.

आधी एक गैरसमज काढून टाकूया, कारण आम्हीपण त्यातच होतो. आमच्या फॉर्मवर आधारच्या रकान्यात नंबर टाकला की चांदण्या दिसायच्या आणि सगळ्यांना वाटायचं की तो लपलाय. ते इनपुट मास्क नावाच्या प्रॉपर्टीत पासवर्ड असं लिहिलं की होतं आणि ते फक्त दिसण्यापुरतं असतं, टेबलात नंबर जसाच्या तसा उघडा पडलेला असतो. टेबल हाइड करणं, फाइल हिडन करणं, फाइल उघडली की आपणच बनवलेला लॉगिन फॉर्म येणं, हे सगळं त्याच जातीचं. दाराला पडदा लावलाय, कुलूप नाही. एक्सेलवाल्यांनीपण ऐका, शीट प्रोटेक्ट करणं म्हणजे कुलूप नाही, तिथे फाइल, इन्फो, प्रोटेक्ट वर्कबुक आणि त्यातलं एन्क्रिप्ट विथ पासवर्ड हे खरं.

खरं कुलूप म्हणजे एन्क्रिप्शन, म्हणजे फाइलमधला मजकूरच असा गुंतवून टाकायचा की पासवर्डशिवाय तो सुटत नाही. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर फाइलची एक कॉपी करा आणि ती कॉपी नोटपॅडमध्ये उघडा. बराचसा कचरा दिसेल पण मधूनमधून इंग्रजीत टाइप केलेली नावं, गावं, टेक्स्ट म्हणून साठवलेले नंबर सरळ वाचता येतील. अ‍ॅक्सेस नसलेल्या माणसालासुद्धा. मी काकांना हेच दाखवलं, मग ते काही बोलले नाहीत, खुर्ची ओढून शेजारी बसले.

आता काम. सुरुवात फाइल कसली आहे ते बघण्यापासून. नावाच्या शेवटी एमडीबी असेल तर ती जुन्या पद्धतीची, तिचा पासवर्ड अगदीच कच्चा असतो, तो काढून देणारी टूल्स सहज मिळतात, तेव्हा तिच्यावर विसंबू नका. अ‍ॅक्सेस २००७ पासून एसीसीडीबी आलं, आपल्याला ते पाहिजे. जुनी फाइल उघडून फाइल मेनूत सेव्ह अ‍ॅज, सेव्ह डेटाबेस अ‍ॅज, आणि अ‍ॅक्सेस डेटाबेस निवडलं की नवी फाइल तयार होते. सगळे फॉर्म, रिपोर्ट, पट्टीची प्रिंट एकदा चालवून बघा आणि मगच पुढे जा.

मग एक साधी कॉपी काढून बाजूला ठेवा, कारण पासवर्ड लावताना लाइट गेली तर? ही कॉपी फक्त आजच्या दिवसापुरती, संध्याकाळी ती पुसायची आहे, हे कागदावर लिहून कॉम्प्युटरला चिकटवा. मी खरंच चिकटवलं होतं.

कॉपी झाली की डेटाबेस टूल्समधलं कॉम्पॅक्ट अँड रिपेअर एकदा चालवा. डिलीट केलेल्या नोंदी फाइलमधून लगेच जात नाहीत, कॉम्पॅक्ट केल्यावरच ती जागा साफ होते. यानंतर फाइल, ऑप्शन्स, क्लायंट सेटिंग्जमध्ये जाऊन अगदी खाली अ‍ॅडव्हान्स्ड भागात एन्क्रिप्शन मेथड बघा. तिथे दोन पर्याय असतात, लेगसी आणि डिफॉल्ट. डिफॉल्ट म्हणजे जास्त सुरक्षित, तोच ठेवा. हे पासवर्ड लावायच्या आधीच बघायचं, कारण नंतर बदललं तर आधी लावलेल्या कुलपात काही फरक पडत नाही.

आता सगळे जिथे अडकतात ती जागा. फाइल नेहमीसारखी डबल क्लिक करून उघडली तर पासवर्ड लागतच नाही, ती एक्स्क्लुझिव्ह उघडावी लागते, म्हणजे त्या वेळी ती दुसऱ्या कुणाकडेच उघडी नको. म्हणून डेटाबेस बंद करा, नुसतं अ‍ॅक्सेस उघडा, फाइल, ओपन, ब्राउज असं जाऊन फाइलवर एकदाच क्लिक करा, आणि ओपन बटणाच्या शेजारी जो छोटा बाण असतो तो दाबून ओपन एक्स्क्लुझिव्ह निवडा. दुकानात लॅनवर दुसरा कॉम्प्युटर असेल तर तिथली फाइल आधी बंद करायला लावा, आमचे दिवाणजी फाइल उघडी ठेवून जेवायला गेले होते आणि मी अर्धा तास डोकं धरून बसले होते. फोल्डरमध्ये त्याच नावाची, शेवटी एलएसीसीडीबी (laccdb) असलेली छोटी फाइल दिसत असेल तर बहुतेक कुणीतरी आत आहे असं समजा.

एक्स्क्लुझिव्ह उघडली की फाइल, इन्फो, एन्क्रिप्ट विथ पासवर्ड. दोनदा पासवर्ड टाका आणि ओके. मग एक मेसेज येतो की ब्लॉक सायफरबरोबर (ही एन्क्रिप्शनची एक पद्धत) रो लेव्हल लॉकिंग, म्हणजे कुणी बदल करत असताना फक्त तेवढीच नोंद इतरांसाठी अडवणं, चालत नाही म्हणून ते सोडून दिलं जाईल. घाबरू नका, एका-दोघांच्या वापरात याने काही अडत नाही, ओके म्हणा. फाइल बंद करून परत उघडा, पासवर्ड मागितला म्हणजे झालं. आता परत ती नोटपॅडची परीक्षा घ्या, यावेळी एकही नाव वाचता येणार नाही.

पासवर्ड कसला ठेवायचा यावर आमच्या घरात दोन दिवस वाद झाला. काकांना गाडीचा नंबर पाहिजे होता, एमएच १० आणि पुढचे आकडे, पण तो नंबर अख्ख्या यार्डाला पाठ आहे. दुकानाचं नाव, मोबाइल नंबर, मुलांचे वाढदिवस, देवाचं नाव आणि पुढे १२३, हे सगळं पहिल्या दहा प्रयत्नांत ओळखू येतं. आम्ही एकमेकांशी संबंध नसलेले तीन छोटे मराठी शब्द घेतले, इंग्रजी अक्षरांत लिहिले आणि मध्ये आकडे टाकले, एकूण पंधरा-सोळा अक्षरं. वीसच्या आत ठेवा. आणि पासवर्ड देवनागरीत टाइप करू नका, दुसऱ्या कॉम्प्युटरवर मराठी कीबोर्ड नसला किंवा वेगळा असला तर स्वतःच्याच फाइलबाहेर उभं राहायची वेळ येते.

हा पासवर्ड विसरला तर मायक्रोसॉफ्टसुद्धा काढून देऊ शकत नाही, हे मनावर घ्या. म्हणून तो कागदावर लिहून, पाकीट चिकटवून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून माडीवरच्या कपाटात ठेवलाय आणि ते पाकीट कुठे आहे हे काका, काकू आणि मला, तिघांनाच माहीत आहे. काकूंना का, तर उद्या काका दवाखान्यात असले तरी शेतकऱ्याचे पैसे थांबता कामा नयेत. तळमजल्याच्या तिजोरीत ठेवू नका, नदीकाठी राहणाऱ्यांना कारण सांगायला नको.

एक गोष्ट अ‍ॅक्सेसला जमत नाही. पासवर्ड अख्ख्या फाइलला एकच, म्हणजे ज्याला पट्टी करायला पासवर्ड दिला त्याला आधारपण दिसणार. आम्ही यावर फाइल दोन केल्या. रोजच्या फाइलमध्ये शेतकऱ्याचा कोड, नाव, गाव, उचल, पट्टी, आणि दुसऱ्या फाइलमध्ये तोच कोड आणि त्यापुढे खाते नंबर, पॅन वगैरे. दोन्हींना वेगळे पासवर्ड, दुसरी फक्त पैसे पाठवायच्या दिवशी उघडायची. लिंक्ड टेबलने, म्हणजे दुसऱ्या फाइलमधलं टेबल पहिलीतूनच दिसेल असं करून, दोन्ही जोडायचा मोह होईल, पण सांभाळून, लिंक करताना दुसऱ्या फाइलचा पासवर्ड पहिल्या फाइलच्या आतल्या सिस्टिम टेबलात जसाच्या तसा लिहिला जातो, म्हणजे रोजची फाइल ज्याच्या हातात त्याला दुसरीची किल्लीपण मिळाली. आम्ही लिंक केलीच नाही, कोड बघून हाताने शोधतो, दोन मिनिटं जातात, जाऊदेत. शिवाय हे करताना लक्षात आलं की अर्धी माहिती आपल्याला लागतच नाही. पैसे खाते नंबरवर जातात, मग बारा आकडी आधार कशाला? तो रकाना आम्ही काढूनच टाकला, आणि आता कुणी आधारची कॉपी आणलीच तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार मागतो.

ज्यांच्याकडे अ‍ॅक्सेस नाही आणि लिब्रेऑफिस बेस वापरतात त्यांना बेसच्या फाइलला असा पासवर्ड लावायची सोय नाही. त्यांनी व्हेराक्रिप्ट हे एन्क्रिप्शनचं सॉफ्टवेअर घ्यावं, फुकट आहे. त्यात क्रिएट व्हॉल्यूम करून एन्क्रिप्टेड फाइल कंटेनर निवडायचा, साइज द्यायची, पाचशे एमबी घरच्या कामाला पुष्कळ झाले, पासवर्ड द्यायचा आणि फॉरमॅट. मग ती फाइल माउंट केली की वेगळ्या ड्राइव्हसारखी दिसते, डेटाबेस त्यात ठेवायचा आणि काम संपलं की ड्राइव्ह बंद करायचा. तो बंद करायला विसरलात तर कुलूप उघडंच राहिलं असं समजा.

आता राहिल्या जुन्या कॉप्या, आणि खरा त्रास इथेच आहे. नव्या फाइलला पासवर्ड लावला म्हणून आत्याकडच्या पेन ड्राइव्हला लागत नाही. मी एक रविवार घेतला आणि एकेक करून सगळ्या गोळा केल्या. ईमेलचा सेंट फोल्डर, डाउनलोड्स, डेस्कटॉप, रिसायकल बिन, व्हॉट्सअ‍ॅपवर दिवाणजींना पाठवलेली फाइल, आणि संध्याकाळी पुसायची म्हणून ठेवलेली ती कॉपीसुद्धा. पाच म्हणता म्हणता अकरा निघाल्या. पेन ड्राइव्ह नुसते डिलीट करून भागत नाही, त्यातून फाइल परत काढता येते, म्हणून फॉरमॅट करताना क्विक फॉरमॅटची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा, वेळ लागतो पण करा. मग त्यावर कुलूपबंद फाइल परत टाका आणि ज्याच्या त्याच्या घरी पोचवा. आत्याकडे पेन ड्राइव्ह आहे पण पासवर्ड नाही, आता तो हरवला तरी मला झोप लागते.

दर मे महिन्यात, पाऊस सुरू व्हायच्या आधी, मिरजेच्या कॉपीवर नवी फाइल टाकतो आणि ती आत्याच्या कॉम्प्युटरवर पासवर्ड टाकून एकदा उघडून बघतो. आणि पासवर्ड माहीत असलेला माणूस काम सोडून गेला तर पासवर्ड बदलायचा, त्यासाठी फाइल परत एक्स्क्लुझिव्ह उघडून फाइल, इन्फो, डिक्रिप्ट डेटाबेस, आणि मग नवीन पासवर्डने परत एन्क्रिप्ट. हे केल्यावर बाहेरच्या कॉप्या अजून जुन्याच पासवर्डने उघडतात, तेव्हा त्याही त्याच आठवड्यात बदलून टाका, आणि माडीवरच्या पाकिटातला कागदपण.