मासे बघायचे, मग खायचे: आंबोली-मालवणची तीन दिवसांची सहल कशी आखाल?

या सहलीची आखणी हॉटेलपासून करू नका, भिंतीवरच्या कॅलेंडरपासून करा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांतला असा आठवडा शोधा, ज्यात मंगळवार-बुधवारी अष्टमी, नवमी किंवा दशमी येते. अमावास्या-पौर्णिमेला समुद्राला उधाण असतं, पाणी ढवळून निघतं. अष्टमीनंतर भांग लागतो, भरती-ओहोटीचा जोर उतरतो आणि मालवणच्या खडकांवरचं पाणी निवळतं. सहल मात्र त्याच आठवड्यात सोमवारी सुरू करा; सोमवारच कशासाठी, ते पुढे येईलच.

पावसाळ्यात जायचा मोह टाळा. आंबोलीत वर्षाला सुमारे ७,००० मिलिमीटर पाऊस पडतो. जुलैत धबधबे बघायला झुंबड उडते, पण ओढे गढूळ असतात आणि मासा काही दिसत नाही. मी एकदा गेलो होतो. दोन दिवस धुकं बघितलं आणि भजी खाल्ली, बस्स.

पहिला मुक्काम आंबोलीत, आणि तो सोमवारी. गावाजवळ हिरण्यकेशी नदीचा उगम आहे. गुहेत महादेवाचं देऊळ आणि पुढ्यात कुंड. इथे सापडलेल्या माशाच्या नव्या जातीची नोंद २०२० साली झाली आणि नदीवरूनच तिला ‘शिस्तुरा हिरण्यकेशी’ हे नाव मिळालं. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. एका इवल्याशा माशासाठी एवढं होतं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

इवलासा म्हणजे खरोखरच इवलासा, करंगळीहूनही लहान. तो पाण्यात मधोमध पोहताना दिसेल या आशेने उभे राहिलात, तर हात हलवत परत याल. हा तळाला चिकटून राहणारा मासा. म्हणून नजर पाण्यावर नको, तळाच्या गोट्यांवर हवी. साधारण दहा ते दोनच्या दरम्यान जा. ऊन तेव्हा थेट तळापर्यंत पोचतं. डोळ्यांवर पोलराइज्ड गॉगल असेल तर पाण्यावरची चकाकी कापली जाते. दुर्बिणीपेक्षा इथे त्याचा उपयोग जास्त. आपली सावली पाण्यावर पडू देऊ नका आणि काठावर पाय आपटत चालू नका. माशाला आपलं बोलणं फारसं जाणवत नाही, पावलांची थरथर मात्र लगेच कळते. एकदा बसलात की दहा मिनिटं हलूच नका. तळातला एखादा ‘खडा’ जागा बदलतो, तोच तुमचा मासा. (पहिल्या वेळी मी बराच वेळ एका कुजक्या पानाकडे टक लावून बसलो होतो.)

कुंडात पाय बुडवू नका, साबण-क्रीम लावलेले हात तर मुळीच नकोत. बाटलीत मासा भरून घरी नेण्याचा विचारही नको. कुरमुरे, बिस्किटंही टाकू नका. दिसला नाही, तर नाही दिसला.

आता सोमवारचं. सिंधुदुर्गात बरीच घरं सोमवारी शिवराक असतात, म्हणजे मासे-मटण बंद. बाहेरचा माणूस नेमका त्याच दिवशी सुरमईसाठी मालवणात फिरतो आणि वैतागतो. त्यापेक्षा सोमवारी महादेवाच्या दारात मासे बघा आणि जेवणात काळ्या वाटाण्याचं सांबारं नि आंबोळ्या मागा. आंबोलीत आंबोळी! मिळाली नाही तर घावणे चालतील.

मंगळवारी घाट उतरून सावंतवाडीमार्गे मालवण गाठा. संध्याकाळी किनाऱ्यावर होड्या लागतात आणि लिलाव पुकारला जातो. कडेला उभं राहून बघा, मध्ये लुडबुड नको. रात्री काय खायचं ते इथेच ठरतं, कारण टोपलीत जे सर्वांत जास्त, ते त्या दिवशीचं ताजं. खाणावळीत मेनूकार्ड मागण्याआधी “आज काय आलंय?” असं विचारा. बांगडा आला असेल तर डोळे मिटून बांगडाच घ्या, तिरफळ घालून केलेलं तिखलं (तिखट, दाटसर कालवण) आणि उकड्या तांदळाचा भात. मुडदुशे (लेडीफिश) दिसले तर सोडू नका. पापलेटला २०२३ मध्ये राज्यमाशाचा मान मिळाला, पण ताटात तळहाताएवढं पिल्लू येणार असेल तर नको म्हणा. वाढायच्या आधीच ते पकडलेलं असतं. तिसऱ्यांना (शिंपल्यांना) आणि सोलकढीला दुसऱ्या वेळच्या जेवणात जागा ठेवा.

बुधवारी सकाळी लवकर, वारा सुटायच्या आत, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्कलिंग करा. दुपारी वाऱ्याने लाटा उठतात आणि वाळू वर येते. या समुद्राचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. खडकांवर पिवळे-काळे पट्टेरी मासे, पोपट मासे आणि नशीब असेल तर फुलपाखरू मासेही दिसतात. पोहता येत नसलं तरी लाइफ जॅकेट घालून तरंगता येतं. होडीत चढण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट सांगा: “दादा, पाव टाकू नका.” पाव टाकला की पट्टेरी माशांची झुंबड उडते, फोटो छान येतो, पण बाकीचे मासे आपापल्या जागी काय करतात ते दिसतच नाही. पायाने प्रवाळाला टेकू नका. पोट हलकं ठेवा; वडे-सागोती नंतर.

मुंबईकडे परतणाऱ्यांना वाटेत महाडजवळ वाळण कोंड लागते, थोडी वाट वाकडी करावी लागते इतकंच. काळ नदीच्या या डोहातले महाशीर वरदायिनी देवीचे म्हणून गावकरी धरत नाहीत. लहानग्या शिस्तुरानंतर हे मोठे मासे बघताना गंमत वाटते.

निघताना कोकमाचं आगळ आणि वाळलेली तिरफळं घ्या. घरी तिखलं करताना तिरफळाची फक्त सालं वापरायची, आतली काळी बी काढून टाकायची.