डिझेलवाल्या स्प्रिंगा टाकून गाडी उचलली
लिफ्ट किटचे (गाडी उंच करायच्या तयार संचाचे) भाव बघूनच घाम फुटला, मग डोक्यात आलं की माझ्याच मॉडेलच्या डिझेल गाडीचं इंजिन जड, म्हणजे तिच्या पुढच्या कॉइल स्प्रिंगा कडक असणार, माझ्या हलक्या इंजिनाखाली कमी दबून गाडी उंच राहणार, सेकंडहँड जोडी मिळाली. वायरची जाडी आधी मोजली, कारण बाकी सगळं सारखं असेल तर जाडी 10 टक्के वाढली की कडकपणा जवळपास दीडपट होतो, वेटोळे पण मोजले, तडे बघितले. बसवताना स्प्रिंग दाबून धरणारा कंप्रेसर लावाच, दाबलेली स्प्रिंग सुटली तर खेळ खल्लास! गाडी दीड इंच वर आली. पण चाक लटकलं की ब्रेकचा होज (ब्रेक ऑइलची लवचिक नळी) ताणला जात होता, ते बघायचं विसरलोच होतो, लांब होज टाकला, चाकांची अलाइनमेंट केली. राइड जरा टणक झालीये, बायको कुरकुरते.