ऑइल बदलल्यावर फिल्टरपाशी गळती
नवा फिल्टर बसवून इंजिन चालू करताच कडेने तेल वाहू लागलं, म्हणून लगेच बंद केलं. फिरवून बसणाऱ्या फिल्टरची जुनी रबरी रिंग कधीकधी इंजिनालाच चिकटून राहते. तिच्यावर नवी रिंग बसली की दाबाखाली दोन्ही सरकतात.

फिल्टर काढला, जुनी रिंग सोलली, बैठक पुसली. नव्या रिंगला बोटाने तेल लावलं. रिंग टेकल्यावर हाताने साधारण पाऊण फेरा पुरतो (नेमका आकडा फिल्टरवर छापलेला असतो). पाना लावला तर पुढच्या वेळी काढताना घाम फुटतो.

कमी झालेलं तेल भरलं. सपाट जागी, इंजिन बंद करून पाच मिनिटांनी डिपस्टिक (तेलाची पातळी मोजायची पट्टी) पाहिली. वरच्या खुणेपलीकडे भरू नये, नाहीतर क्रँकशाफ्ट (इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा) तेल घुसळून फेस करतो.