सोलापूरवर लिहायचं असेल तर

लिहू पाहणारी तरुण मंडळी विचारतात, "सुरुवात कुठून करू?" मी सांगते, घरच्या नळापासून करा. देश कुठे चाललाय यावर लिहायला कोणीही बसतो. तुमच्या बोळात पाणी किती दिवसांनी सुटतं, हे तुमच्याएवढं दुसऱ्या कोणाला माहीत नसतं.

पुरावा बहुतेक घरांत तयार असतो. आमच्या साखर पेठेत कितीतरी स्वयंपाकघरांतल्या कॅलेंडरवर पाणी आलेल्या तारखेला गोल केलेला दिसेल, शेजारी बारीक अक्षरात वेळ: पहाटे ३, रात्री ११. आईकडून, वहिनीकडून ते कॅलेंडर मागून घ्या. शेजारपाजारच्या एकदोन घरांतलंही बघा, म्हणजे चावीवाल्याने, म्हणजे पाणी सोडणाऱ्या पालिकेच्या माणसाने, वेळ बदलली की तुमच्याच नळाचा काही घोळ आहे, ते कळेल.

मग बातमी हातात घ्या. सोलापूरला पाणी देणाऱ्या उजनी धरणाबद्दल उन्हाळ्यात 'उजनी वजा' असा मथळा येतो आणि लोकांना वाटतं, धरण आटलं. तसं नसतं. उजनीत एकूण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं. त्यातलं ६३ टीएमसीच्या आसपास मृतसाठा, म्हणजे एरवी न वापरलं जाणारं तळाचं पाणी, उरलेलं साडेत्रेपन्न उपयुक्त. टक्केवारी काढतात ती उपयुक्त साठ्याची, म्हणून पातळी मृतसाठ्याच्या रेषेखाली उतरली की आकडा वजा होतो. धरणात पाणी असतं, पण ते उपसायला दुबार, तिबार पंपिंग करावं लागतं. एवढं वाचकाला समजावून सांगितलंत तरी निम्मी भीती जाईल. पुढे पावसाळ्यात धरण शंभर टक्के भरल्यावर तेच कॅलेंडर पुन्हा काढा. गोल जवळजवळ आले का? आले नसतील, तर दोष पावसाला देता येत नाही. मग सुमारे ११० किलोमीटरची जलवाहिनी, शहरातल्या टाक्या, गळती, वाटपाचं वेळापत्रक यांच्याकडे बोट जातं. लेख इथे सुरू होतो. त्याआधी लिहिलेलं सगळं कापलंत तरी चालेल.

उत्तर मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. साधा कागद, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, मजकूर दीडशे शब्दांच्या आत. 'पाणी का येत नाही?' असं विचारू नका, त्याला उत्तर मिळणार नाही. 'अमुक महिन्यात अमुक भागाला पाणी सोडल्याच्या नोंदीची प्रत द्यावी' असं मागा. कायद्याने तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नाही आलं तर पहिलं अपील.

आता इतिहास. लेखाला वजन यावं म्हणून १९३० सालचा सोलापूरचा मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, उगाच घुसवू नका, हे मी कळकळीने सांगते. संबंध असेल तिथेच तो आणा. महापालिकेवर लिहिताना तो खरोखर असतो. १९३० च्या ६ एप्रिलला इथल्या नगरपालिकेच्या इमारतीवर तिरंगा फडकला. पुढच्याच महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर रूपाभवानीच्या देवळाजवळ लोकांनी दारूसाठी लागणारी शिंदीची झाडं तोडली, गोळीबार झाला आणि शहरावर लष्करी कायदा लादला गेला. त्याच गावाची महापालिका मार्च २०२२ पासून कित्येक वर्षं नगरसेवकांशिवाय, प्रशासकाच्या हाती होती. या दोन गोष्टी एका लेखात आल्या तर त्या जुळतात, कारण दोन्हीकडे प्रश्न एकच आहे: या गावाचा कारभार कोणाच्या संमतीने चालतो?

आणि त्या मार्शल लॉच्या वेळच्या हुतात्म्यांची नावं लिहिणार असाल तर चारही लिहा. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. चौघांना एकाच दिवशी, १२ जानेवारी १९३१ ला, येरवड्यात फाशी दिली. आपल्या सोयीचं एखादं नाव उचलून बाकीची गाळणारे लेख वाचले की माझा संताप होतो. शहरात चार पुतळा चौकात त्यांचे पुतळे उभे आहेत. तिथे जाऊन नावं ताडून घ्या, स्पेलिंगसुद्धा.

माणसांशी बोलताना एक पाळा. अशोक चौकाकडच्या यंत्रमागावरचा कामगार घरी तेलुगू बोलतो, अक्कलकोट रोडच्या भागात कन्नड कानावर पडते. तुम्हाला भाषा येत नसेल तर शेजारचं एखादं कॉलेजात जाणारं पोर सोबत घ्या. मोडक्या मराठीत माणूस तक्रार सांगतो, स्वतःच्या भाषेत कारण सांगतो.

लिहून झालं की मजकूर ज्याच्याकडून माहिती घेतली त्याला वाचून दाखवा. त्याचं नाव छापायचं का, हे तिथेच विचारा. कामावर त्रास होईल असं तो म्हणाला तर नाव काढा, हुज्जत घालू नका. मग लेखाखाली तारीख घाला. एक प्रत घेऊन महापालिकेच्या विभागीय कार्यालयात जा आणि दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का मारून घ्या. शिक्क्याची प्रत कॅलेंडरसोबत एकाच फाइलीत ठेवा. पुढच्या उन्हाळ्यात ती लागेल.